डोक्यात कोंडा, पायात धोंडा

कोंडीनं त्या दिवशी तिसऱ्यांदा डोकं धुवायला घेतलं, तेव्हा गिरणीवालीच्या तोंडाचा पट्टा सुटला. गिरणीचा पट्टा सुटला तर बटण दाबून मोटर बंद करता येते. या पट्ट्याला बटण नव्हतं. सकाळी धुतलंस, शाळेतून आल्यावर धुतलंस, आता परत? केस आहेत का पायपुसणं? साबण काय झाडाला लागतो? आणि एवढं घासून पुसून जायचंय कुठे, वरमाई म्हणून मिरवायला?

न्हाणीघरात नुसतं पाणी पडत राहिलं.

गिरणीवाली ही कोंडीची आजी. चौकातली पिठाची गिरणी तिची, वरच्या दोन खोल्या तिच्या. नवरा गेल्यावर दिरानं सुचवलं होतं की हे बाईमाणसाचं काम नव्हे, विकून टाक. तिनं त्याला जे ऐकवलं त्यानंतर तो पुन्हा दळण घेऊनसुद्धा तिकडे फिरकला नाही. शाळेत ती जेमतेम दुसरीपर्यंत टिकली. अक्षराला अक्षर जोडत वाचायची, पण बोलण्यात वकिलाला पाणी पाजलं असतं. आयुष्यभर दोन दगडांच्या घरघरीवर आवाज चढवलेला, त्यामुळे तिची कुजबुजसुद्धा रस्त्यापलीकडे जायची. समोरचा चष्मेवाला म्हणायचा, मावशी, तुम्ही कानगोष्ट केलीत की माझ्या दुकानातल्या काचा हलतात. तिला तो मान वाटायचा.

कोंडी हे नाव तिनंच ठेवलेलं. पोर जन्मली तेव्हा मूठभर होती, फुंकर मारली तर उडेल अशी, कोंड्यासारखी. पीठ चाळल्यावर चाळणीत गव्हाचं जे साल उरतं, तो कोंडा. लोक तो फेकून देतात, आणि गव्हाची सगळी ताकद त्यातच असते असं गिरणीवालीचं ठाम मत होतं. शाळेच्या हजेरीत पोरीचं दुसरं, छान लांबलचक नाव होतं. ते सुनेनं निवडलं होतं, म्हणून सासूनं ते कधी जिभेवर घेतलं नाही.

शाळा सुटली की कोंडी गिरणीत हात लावायची. डबे सरकवायची, पिशवी धरायची, पीठ चाळायची. पण वय चौदाचं, मध्येच तंद्री लागायची. मग आजीची आरोळी उठायची, "डोक्यात कोंडा, पायात धोंडा! हल की गं, कोंडे!" गिऱ्हाइकं हसायची. कोंडीही हसायची.

गेले काही आठवडे ती हसत नव्हती. गिरणीत येताना डोक्याला फडकं गुंडाळून यायची, आणि काम झालं की पळत वर जाऊन डोकं धुवायची. आजीला हे दिसत होतं. वय आहे, नखरे सुचणारच, असं म्हणून तिनं ते बाजूला सारलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरणीवर पोरांचा घोळका आला. पुढे एक उंच मुलगा, केस कपाळावरून डोळ्यांत आलेले. तिनं मनातल्या मनात त्याचं बारसं करून टाकलं, झिपऱ्या. मागे चष्मेवाल्याची धाकटी. ही कोंडीची अगदी लहानपणापासूनची मैत्रीण, एके काळी दोघी गव्हाच्या पोत्यांवरून उड्या मारायच्या. हल्ली तिचं येणं बंद झालं होतं. झिपऱ्या मोठ्या अदबीनं म्हणाला की मावशी, ते तुमचं कोंड्याचं वाक्य एकदा म्हणून दाखवा ना, ते फार गाजतंय.

कुठे गाजतंय, असं तिनं विचारलं. सगळीकडे, तो म्हणाला. लोक तुमचे फॅन आहेत.

आता माणूस कितीही खमका असो, फॅन म्हटल्यावर कोण विरघळत नाही? तिनं हातानं कपाळावरचं पीठ पुसलं, कमरेवर हात ठेवला आणि वाक्य फेकलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अजून एकदा, मोठ्यानं, असं झालं. तिनं मोठ्यानं म्हटलं. आणि मग कोणी न सांगता, निव्वळ रंगात येऊन, वर फोडणी घातली, "कालपासून डोकं धू-धू धुतेय बया, तरी कोंडा काही जात नाही!"

पोरं हसून हसून वाकली. झिपऱ्यानं फोन खाली केला आणि तिला वाकून नमस्कार केला. धाकटी तेवढी हसली नाही, स्वतःच्या चपलांकडे बघत राहिली. हिला काय धाड भरलीय, असं गिरणीवालीच्या मनात येऊन गेलं.

संध्याकाळी जेवताना तिनं हे सगळं कोंडीला रंगवून सांगितलं. कशी पोरं आली, कशी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. तुझी आजी आता फेमस आहे, नीट मान देऊन बोलत जा.

कोंडीचा हात ताटातच थांबला.

"तू परत बोललीस?"

"परत म्हणजे?"

"आणि डोकं धुण्याचंही सांगितलंस."

"अगं, थट्टेत गं."

कोंडी उठली, आतल्या खोलीत गेली आणि कडी लागल्याचा आवाज आला. तिचा फोन टेबलावर पालथा पडला होता. तो थरथरला. मग परत. मग थांबायचं नावच घेईना, उताणा पडलेला किडा सरकतो तसा थरथरत टेबलाच्या कडेकडे सरकू लागला.

तेवढ्यात सून आली. ती हॉस्पिटलात नर्स, नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्याचे निम्मे दिवस बाहेर. सासू-सुनेचं पटायचं ते एकमेकींच्या वाटेला न जाण्यानं. सुनेनं फोन कडेवरून पडता पडता झेलला, बघितला, आणि पायातले बूट न काढता खुर्चीवर बसली. काय झालं, काय झालं असं सासूनं चारदा विचारल्यावर तिनं फोन पुढे धरला.

पहिल्यांदा गिरणीवालीला स्वतःचाच आवाज ऐकू आला. डोक्यात कोंडा, पायात धोंडा. चित्रात कोंडी होती, गिरणीतली, चाळणी हातात, केस पिठानं पांढरे, तोंड जरासं उघडं, तंद्रीतली. कोणीतरी कोपऱ्यातून चोरून घेतलेलं. सुनेनं बोट वर सरकवलं. आता कोणी अनोळखी मुलगा डोक्यावर पावडरचा डबा उपडा करत होता आणि त्याच्या हलत्या ओठांवर आवाज आजीचा. बोट सरकलं. दोन मुली, तोच आवाज. बोट सरकलं. एक मुलगा कोंडीसारखं तोंड उघडं टाकून उभा, तोच आवाज. संपेचना. शेवटी ती स्वतः आली, कमरेवर हात ठेवून, आणि खाली ओळींवर ओळी.

ती बोट ठेवून वाचू लागली. ज-व-ळ, जवळ. ब-सू न-का. प-स-र-तो. कोंडा पसरतो.

"गव्हाचा कोंडा कसा पसरेल?" तिनं विचारलं.

"गव्हाचा नाही, आई. केसांतला."

केसांत होतो त्यालाही कोंडाच म्हणतात, हे काय गिरणीवालीला ठाऊक नव्हतं? पण तिच्या डोक्यात ते दोन कोंडे कधी एकमेकांना भेटलेच नव्हते. तिच्या हाताला जो शब्द मऊ लागायचा, त्याला त्या पोरांनी वर्गभर खाज सुटवली होती.

ती पुढच्या ओळीवर गेली. लहान अक्षरं होती, तिला जोर लावावा लागला, आणि जोर लावला की तिचा आवाज चढायचा. म-र-त. मरत. का ना-ही. मरत का नाही. ही ए-क-दा-ची.

आपण काय वाचलं हे कळायच्या आत तिनं ते वाचलं होतं, गिरणीतल्या आवाजात. आणि मध्ये फक्त एक पातळ दार होतं.

सुनेनं फोन काढून घेतला. दारापलीकडे काहीच हललं नाही.

मग गिरणीवालीनं पायात चपला सरकवल्या. त्या चष्मेवाल्याच्या काचा आज खाली आणते, ती म्हणाली. त्याच्या दुकानासमोर उभी राहून त्याच्या पोरीचं आणि त्या झिपऱ्याचं असं काही काढते की सात पिढ्यांचे कान वाजतील. सून आडवी आली, तर तिला बाजूला सारून ती जिन्यापर्यंत पोचलीसुद्धा.

"आजी," दारातून आवाज आला. रडका नव्हता, कोरडा होता. "तू गेलीस की अजून एक निघेल. तुझा आवाज हाच त्यांचा गहू आहे. तू ओरडलीस की त्यांचं दळण निघतं."

आजी जिन्याच्या तोंडाशी तशीच उभी राहिली. तिच्या तोंडावर कोणी असं बोट ठेवलेलं तिला आठवत नव्हतं.

सून दाराशी जमिनीवर बसली. हॉस्पिटलात विचारतात तसं तिनं सरळ विचारलं, "जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का गं?" सासूच्या अंगावर काटा आला. असलं कोणी विचारतं का? विचारून उलट सुचवल्यासारखं नाही होत? पण सून तशीच बसून राहिली, उत्तराची वाट बघत, घाई न करता.

मग आतून आलं, "एकदा आलं होतं. आता नाही. उघडते."

कडी निघाली. सुनेनं तिला जवळ घेतलं आणि सांगितलं की आजपासून मी तुझ्याजवळ झोपणार, आणि परत कधी तसं मनात आलं तर वेळ न बघता मला उठवायचं, कामावर असले तर फोन करायचा. कोंडीनं मान हलवली. ओल्या केसांतून पाणी गळत होतं. "पण शाळेत मी जाणार नाही," ती म्हणाली. "सोमवारी पण नाही."

सोमवारी तोंडी परीक्षा होती. सगळ्या वर्गासमोर उभं राहून बोलायचं. गैरहजर राहिलं तर वर्ष गेलं, हे शाळेनं आधीच सांगून ठेवलेलं. बुडू दे वर्ष, कोंडी आजीकडे बघत म्हणाली. मी तोंड उघडलं की सगळे तुझ्या आवाजात हसतात.

तिला फोनमधलं सगळं पुसून टाकायचं होतं. सुनेनं पुसू दिलं नाही. जखम धुण्याआधी डॉक्टरला दाखवावी लागते, ती म्हणाली, आणि एकेका ओळीचा फोटो काढून ठेवला, कोणी लिहिली त्याच्या नावासकट. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती शाळेत गेली. वर्गशिक्षिकेचं म्हणणं पडलं की मुलं आहेत, थट्टा करतात, चार दिवस तिला फोन देऊ नका म्हणजे विषय मिटेल. सून म्हणाली की थट्टेत दोघं हसतात, इथे सगळे हसताहेत आणि एकटी रडतेय. मग ती तिथे वेळ न दवडता मुख्याध्यापिकेकडे गेली. त्या बाईंनी मात्र सगळं शेवटपर्यंत बघितलं. हे सगळं ज्या पानावर टाकतात, ते फोनवरचं पान चालवतं कोण, त्यांनी विचारलं. पानावर नाव नव्हतं, नुसतं पिठाच्या डब्याचं चित्र होतं. दोघींनी मिळून ते अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली, दुपारी पान बंद झालं, आणि संध्याकाळी त्याच चित्राचं दुसरं पान उगवलं. बाई म्हणाल्या, चालवणारा कोण हे कोणीतरी समोर येऊन सांगितलं तर मी सोमवारी आईबापांसकट बसवते. नुसत्या संशयावर मला कोणाच्या पोराचं नाव घेता येणार नाही.

हे सगळं ऐकून गिरणीवालीची जीभ दातांमागे नुसती वळवळत होती. तिनं आयुष्यात जी जी गोष्ट सरळ केली ती तोंडानं केली होती, आणि आता घरात एकच काम तिला दिलेलं होतं, गप्प बसायचं.

शनिवारी सकाळी गिऱ्हाइकं यायच्या आधी कोंडी खाली आली. आजी दगड झाडत होती. कोंडी पोत्यावर बसली आणि म्हणाली, "मला त्या नावानं हाक मारू नकोस. घरी पण नाही."

"ते नाव मी मायेनं ठेवलंय."

"माहीत आहे. पण आता तू हाक मारलीस तरी मला त्यांचीच ऐकू येते."

आजी दगड झाडत राहिली. दगड केव्हाच स्वच्छ झाला होता.

त्यानंतर तिची तारांबळ उडाली. चौदा वर्षांची सवय, "को" तोंडातून निघून जायचा. मग तो सावरायला, को... कोपऱ्यातलं पोतं आण. को... कोण आलंय बघ. एकदा तर को... कोथिंबीर, एवढंच सुचलं, आणि गिरणीत कोथिंबिरीचं काय काम, हे दोघींनाही कळेना. नात जराशी हसल्यासारखी झाली. तेवढ्यावर आजीनं दुपारपर्यंत ढकललं.

दुपारी गिरणी भरली होती. शनिवार, डब्यांची रांग बाहेर पायरीपर्यंत. नात आत कोठीच्या खोलीत पोती मोजत होती. गिरणीवालीनं मान वर केली तर रांगेत झिपऱ्या. त्याच्याबरोबर आणखी दोघं, आणि हातात गव्हाचा डबा घेऊन चष्मेवाल्याची धाकटी. झिपऱ्याच्या शर्टाच्या खिशातून फोन वर आला होता आणि त्याचा काळा डोळा सरळ तिच्याकडे लागला होता. कोठीला दुसरं दार नव्हतं. नात बाहेर आली तर त्या डोळ्यासमोरच येणार. पोरीची कोंडी झाली होती, आणि या वेळी ते नाव नव्हतं.

"मावशी, कोंडी दिसत नाही," झिपऱ्या म्हणाला. आवाज गोड, चढवलेला. "डोकं धुतेय का?"

गिरणीवालीच्या तोंडात उत्तर तयार होतं. नुसतं तयार नव्हतं, भाजून, पाखडून, वाटून तयार होतं. त्याच्या झिपऱ्यांवरून सुरू होऊन ते त्याच्या आईनं त्याला वाढवण्यात घातलेल्या फुकट कष्टांपर्यंत जाणार होतं, आणि रांगेतला एकेक माणूस महिनाभर हसला असता. तिनं श्वाससुद्धा भरला.

कोठीचं दार बोटभर उघडं होतं. फटीत काळोख होता आणि काळोखात एक डोळा.

तिनं श्वास सोडून दिला.

"म्हणा की, मावशी," रांगेतला दूधवाला म्हणाला. त्याला बिचाऱ्याला गमतीपलीकडचं काही ठाऊक नव्हतं. "पोरं कौतुकानं आलीत."

झिपऱ्यानं पाऊल पुढे टाकलं. आज आजी रुसल्या वाटतं, तो म्हणाला. डोक्यात... म्हणा ना, डोक्यात काय? त्याच्या बरोबरची दोघं खिदळली. लोक एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघू लागले. गिरणीवाली गप्प बसलीय, हे त्या चौकात कोणी पाहिलेलं नव्हतं.

आणि मग गिरणीचा सूर बदलला. वरच्या नरसाळ्यातला गहू संपला होता. घरघर पातळ झाली, मग तिला धार आली, मग जळका वास सुटला. दगडांमध्ये दाणा नसला की दगड दगडाला खातो. हे गिरणीत येणाऱ्या पोरासोरालाही माहीत असतं, आणि गिरणीवालीनं इतक्या वर्षांत एकदाही गिरणी रिकामी फिरू दिली नव्हती. रांगेतून कोणीतरी हळूच म्हणालं, मावशी, गहू.

तिनं बटण दाबलं. पट्टा फडफडला, मंदावला, थांबला. गिरणीत एकदम इतकी शांतता झाली की समोरच्या दुकानातलं घड्याळ ऐकू आलं.

झिपऱ्याला वाटलं, आता बोलेल. ती बोलत नाही म्हटल्यावर त्यानं खिशातला फोन काढला आणि बोटानं काहीतरी दाबलं. तिचाच आवाज त्या शांततेत उठला. डोक्यात कोंडा, पायात धोंडा. धू-धू धुतेय बया. ती ऐकत राहिली. गिरणी चालू असताना हा आवाज तिला कधी असा ऐकूच आला नव्हता. केवढा मोठा होता तो. केवढा निर्धास्त. दूधवाल्यानं हसायला तोंड उघडलं होतं, ते त्यानं तसंच मिटलं.

गिरणीवालीनं धाकटीच्या हातातला डबा घेतला, गहू नरसाळ्यात ओतला. मग वाकून तिच्या कानाशी गेली आणि हळू बोलली. खरोखर हळू, फोनला न कळेल इतकं.

"जात्यातले रडतात, सुपातले हसतात. तू सुपात आहेस, पोरी. आणि सूप त्याच्या हातात आहे."

धाकटीचा चेहरा पिठासारखा झाला.

गिरणीवालीनं बटण दाबलं. गिरणी गर्जून उठली. झिपऱ्या काहीतरी मोठ्यानं म्हणाला, त्याचे ओठ पाण्याबाहेरच्या माशासारखे उघडत मिटत राहिले, आणि त्याच्या फोनमध्ये गेली ती फक्त घरघर. थोडा वेळ उभं राहून ते तिघं निघाले. धाकटी त्यांच्या मागे गेली, मग उलट्या दिशेनं गेली. डबा न्यायचा विसरली.

रविवारी ती डबा न्यायला आली. गिरणी बंद होती, सून वर घरी होती. धाकटी दारातच उभी राहिली आणि मान खाली घालून बोलत सुटली. पहिला व्हिडिओ मीच काढला. गंमत म्हणून. फक्त त्यालाच पाठवला होता. त्यानं पान केलं, मी काढून टाक म्हटलं, तर तो म्हणाला, तू मला काय काय लिहिलंयस ते पण टाकू का? मग मी गप्प बसले. हसायला सांगितलं की हसायचे. तिनं त्याचे ते मेसेज दाखवले. सुनेनं ते वाचले, तिला खुर्ची दिली आणि सांगितलं की हे उद्या मुख्याध्यापिकेसमोर सांगावं लागेल, वडिलांना घेऊन. आज घरी जाऊन आधी त्यांना सांग. पोरगी रडायला लागली. बाबा मला घरात ठेवणार नाहीत, म्हणाली. ठेवतील, सून म्हणाली. मी येऊ का बरोबर? धाकटीनं मान हलवून नको म्हटलं. उद्या ती येईल की नाही, याचा तिच्या तोंडावरून काही अंदाज येत नव्हता.

नात आतल्या खोलीत सगळं ऐकत होती. बाहेर आली नाही.

"माफ केलंस?" आजीनं नंतर विचारलं.

"नाही," नात म्हणाली. मग म्हणाली, "पीठ दिलंस ना पण तिचं?"

सोमवारी सकाळी नात गणवेश घालून खाली आली. केस घट्ट बांधलेले, ओठ पांढरे. फाटकापर्यंत जाऊन बघते, एवढंच ती म्हणाली. आत जाईनच असं नाही. सून मुख्याध्यापिकेकडे जाणारच होती, आजीलाही बरोबर यायचं होतं. ये, पण तोंड उघडायचं नाही, असं ठरलं. आजीनं मान हलवली. न बोलता शब्द देण्याची तिची ही पहिलीच वेळ.

शाळेचं फाटक लांबून दिसलं तशी नातीची चाल मंदावली. फाटकाशी पोरं जमलेली होती. कुठून तरी सुरू झालं, आधी दोन गळ्यांत, मग सहा. डोक्यात कोंडा. पायात धोंडा. नात फाटकाच्या दोन हात अलीकडे थांबली. पाय उचलेचना. वाक्यात म्हटलं होतं तशीच, तोंड जरासं उघडं, जमिनीला खिळलेली. सून पुढे झाली होती, ती वळून बघत उभी राहिली.

दोन-तीन फोन वर आले. पण ते नातीकडे वळलेच नाहीत, आजीकडे वळले. सगळ्यांना माहीत होतं, आता पुढचं वाक्य कोणाचं.

आणि ते खरोखरच गिरणीवालीच्या घशात येऊन बसलं होतं. हल की गं. चौदा वर्षं ते आपोआप निघत आलं होतं, त्याला तिला काही करावं लागायचं नाही. आता ते अडवायला मात्र तिला दोन्ही मुठी आवळाव्या लागल्या.

मग तिनं नातीला हाक मारली. शाळेच्या हजेरीतल्या नावानं. ते लांबलचक नाव, सुनेनं निवडलेलं. तिच्या तोंडात ते नव्या दातासारखं टोचलं, मध्ये एकदा अडखळलं, आणि इतकं हळू आलं की एकाही फोनला मिळालं नाही.

नातीनं मात्र मान वळवली.

"काय?"

"काही नाही. नीट येतंय का बघत होते."

नात तिच्याकडे बघत राहिली. "शेवटचं अक्षर लांबवायचं असतं," ती म्हणाली.

"बरं."

"म्हण."

आजीनं म्हटलं, शेवटचं अक्षर लांबवून. नातीनं ऐकून घेतलं, दप्तर खांद्यावर वर सरकवलं आणि फाटकातून आत गेली. मागे दोन गळे अजून गात होते. कोणी पुढची ओळ देईना, तसे तेही थांबले.

मुख्याध्यापिकेच्या खोलीचं दार उघडं होतं. आत चष्मेवाला बसला होता, आपला चष्मा काढून हातात धरलेला, शेजारी धाकटी. भिंतीशी झिपऱ्या उभा, केस मागे सारलेले, आणि त्याच्यापुढे त्याचे वडील, एका हातात त्याचा फोन. झिपऱ्याचा चेहरा पहिल्यांदाच धड दिसला. पोर होतं. सून आत गेली, दार लागलं.

गिरणीवाली वर्गाबाहेरच्या बाकावर बसली. तिला कोणी आत बोलावलं नव्हतं आणि तिनं कोणाला विचारलंही नव्हतं. आत एकामागून एक मुलं उभी राहून बोलत होती, भिंतीतून नुसती गुणगुण येत होती. मग थोडी खुर्च्यांची सरकासरक झाली, कोणीतरी खुसकन हसलं. वर्गशिक्षिकेचा आवाज आला, गप्प राहा, आणि मग, हं, तुझं पूर्ण नाव सांग आणि सुरू कर.

काही आलं नाही.

गिरणीवाली बाकाच्या कडेवर सरकली. गिरणी रिकामी फिरताना येतो तसा वास आपल्या नाकात कुठून आला, तिला कळेना. पोरगी मुकी झालीय. गेलं वर्ष. तिचे ओठ आपोआप हलू लागले, आवाज न करता, ते लांबलचक नाव, शेवटचं अक्षर लांबवून.

आणि आतून तेच नाव आलं. आधी घोगरं, मग मोकळं, मग चालू गिरणीवर चढवावा तसा चढवलेला आवाज, दारातून, भिंतीतून, खिडकीतून. शाळेपुढे केवढा रुंद रस्ता होता. पलीकडे सहज ऐकू गेला असता.